पन्नासपैकी ऐंशी

गव्हाणवाडीच्या प्राथमिक शाळेत त्रेसष्ट मुले होती आणि त्यांपैकी एक्केचाळीस परदेशी होती. ही गोष्ट गव्हाणवाडीत कोणाला ठाऊक नव्हती. परदेशी मुलांनाही नव्हती. ती सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये प्रथम सरकारच्या लक्षात आली, आणि एकदा सरकारच्या लक्षात आल्यावर ती खरी आहे की नाही हा प्रश्न मागे पडला.

या मुलांसाठी जालन्याला एक खास कक्ष उघडण्यात आला. मी त्या कक्षात मूल्यमापन सहायक होतो. कक्षाचे पूर्ण नाव 'आंतरदेशीय स्थलांतरित विद्यार्थी शिक्षण कार्यक्रम मूल्यमापन कक्ष' असे होते. ते एका पाटीवर मावले नाही म्हणून दोन पाट्या केल्या होत्या, आणि दुसरी पाटी रंगाऱ्याकडून कधी आलीच नाही. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आम्ही बसत असू. गोदामाला जुन्या सरकीचा वास होता, वाऱ्याने कापसाचे तंतू उडत, आणि आमच्या सगळ्या पत्रव्यवहारावर कायम थोडी लव असे. मी वाचणारा माणूस, बोलणारा नव्हे. पुढे जे सांगतो त्यात कुठे चूक असेल तर ती माझी समजावी. कार्यालयाची चूक असण्याची शक्यता तेव्हाच तपासून पाहिली होती. ती आढळली नाही.

मुले परदेशी कशी झाली ते आधी सांगायला हवे. गव्हाणवाडी जाफराबाद तालुक्यात, नदीच्या अलीकडे. पलीकडे आसोली, ती बुलढाणा जिल्ह्यात. निजामाच्या काळात अलीकडचा काठ हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचा इंग्रजांच्या मुलखात. त्यामुळे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत तेव्हा 'गैरमुल्की' असा एक रकाना असे. संस्थानाबाहेरचे मूल आले की त्यात खूण करायची. पुढे संस्थान गेले, इंग्रज गेले, नोंदवह्या मात्र राहिल्या. कोणा उत्साही अंमलदाराने त्या एकदम दोनशे छापून घेतल्या होत्या, आणि जुना साठा संपल्याशिवाय नवा मागवू नये असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. आसोलीत शाळा नव्हती. तिथली मुले नदी ओलांडून गव्हाणवाडीला येत, आणि मुख्याध्यापक बद्रीनाथ गुरुजी त्यांच्या नावापुढे पंचवीस वर्षे खूण करत आले. रकाना आहे तर भरायचा. रिकामा ठेवला तर तपासणीत शेरा मारतात.

मग वरून विचारणा झाली, की एका देशातून दुसऱ्या देशात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या उलट टपाली कळवावी. जगात कुठे कुठे अशी मुले फार असतात, या देशातून त्या देशात जाताना त्यांच्या शिक्षणाची आबाळ होते, आणि त्यांच्यासाठी एका जागतिक संस्थेने मदत देऊ केली होती. झाडून साऱ्या शाळांनी 'निरंक' कळवले. बद्रीनाथ गुरुजींनी नोंदवही उघडली. बाहेरच्या मुलखाचा रकाना आपल्याकडे आहे आणि त्यात एक्केचाळीस खुणा आहेत, हे त्यांच्यासारख्या सरळ माणसाला लपवता आले नाही.

ये-जा तर होतीच. मुले सकाळी यायची, संध्याकाळी जायची. हिशेब केला तेव्हा दर मुलामागे वर्षाला चारशे तीस देशांतरे निघाली. जागतिक संस्थेने कळवले की आपल्या आकड्यात काही टंकलेखनाचा दोष असावा, कारण जगात इतरत्र हा आकडा एक किंवा दोन असतो. आम्ही आकडा पुन्हा मोजला आणि बरोबर असल्याचे कळवले. त्यांना फार गलबलून आले असावे. कार्यक्रम महिन्याभरात मंजूर झाला.

आमचे कक्षप्रमुख रामराव साहेब. हुशार माणूस, पण कोणतीही गोष्ट सोपी करून सांगितली की ते अस्वस्थ होत. मी एकदा धीर करून नकाशा त्यांच्यापुढे उघडला.

"साहेब, आसोली भारतातच दिसते."

त्यांनी चष्मा पुसला. "नकाशा कोणत्या साली छापलाय?"

"अडुसष्ट साली."

"आणि आपली आकडेवारी?"

"चौऱ्याहत्तरची."

"मग यातलं नवीन कोणतं?"

मी नकाशा घडी करून ठेवला. त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला तेव्हा खात्रीने सांगता आले नाही. आजही सांगायचे झाले तर मी आधी नकाशा पाहीन.

कार्यक्रमाचे नियम जागतिक संस्थेकडून छापून आले होते. परदेशी मुलाला यजमान देशाची भाषा शिकवावी, पण त्याची मायबोलीही विसरू देऊ नये, असे त्यात होते. विचार उदात्त होता. बद्रीनाथ गुरुजींनी त्याप्रमाणे वेळापत्रक लावले. पहिल्या तासाला मायबोली, दुसऱ्या तासाला यजमान भाषा. दोन्ही तासांना पाठ्यपुस्तक एकच होते, आणि पानही एकच. पहिल्या तासाला मुले धडा आपला म्हणून वाचत, दुसऱ्या तासाला परका म्हणून. गुरुजींनी अहवालात लिहिले, की दोन्ही भाषांत विलक्षण साम्य आढळते, त्यामुळे प्रगती समाधानकारक आहे. रामराव साहेबांनी 'विलक्षण' खाली रेघ मारून 'यावर स्वतंत्र संशोधन व्हावे' असा शेरा दिला.

परदेशी मुलांना रोज दुपारी सुकडी मिळे, शिवाय प्रत्येकाला पाटी, दोन वह्या आणि एक रेनकोट. इथून बिघाड सुरू झाला. गव्हाणवाडीतल्या बावीस मुलांना यातले काहीच नव्हते, कारण ती स्वदेशी होती. ती भिंतीशी बसून सुकडी खाणाऱ्यांकडे बघत. महिन्याभरातच गव्हाणवाडीच्या केशरबाई पदर खोचून शाळेत आल्या. त्यांची तिन्ही मुले त्या बावीसांत होती.

"गुरुजी, माझी पोरं बी परदेशी लिहा."

"केशरबाई, तुमचं घर शाळेला खेटून. परदेशी कसं लिहू?"

"त्याह्यचा मामा आसोलीचा हाये."

"मामा असून भागत न्हाई. तिथं राहावं लागतं."

"एवढंच ना," केशरबाई म्हणाल्या, "मंग निजायला धाडते की मामाकडं."

हे नियमात बसत होते. शहात्तर सालच्या जूनपर्यंत गव्हाणवाडीची बावीसच्या बावीस मुले रात्री आसोलीला मामा-मावशीकडे निजायला जाऊ लागली आणि सकाळी रेनकोट घालून, नदी ओलांडून, आपल्याच गावच्या शाळेत परदेशी म्हणून येऊ लागली. ज्यांना आसोलीत मामा नव्हता त्यांना तो गावाने मिळवून दिला. नोंदवहीत त्रेसष्टपैकी त्रेसष्ट खुणा झाल्या.

सत्याहत्तर सालच्या एप्रिलात कार्यक्रमाला तीन वर्षे झाली आणि मूल्यमापनाची वेळ आली. मूल्यमापनाची पेटी सीलबंद आली होती. तीत पन्नास प्रश्नांची एक चाचणी होती. ती दोनदा घ्यायची, एकदा कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि एकदा संपल्यावर. दोन्ही गुणांतला फरक म्हणजे कार्यक्रमाचा उपयोग. पेटी तीन वर्षे उशिरा आल्यामुळे सुरुवातीची चाचणी राहून गेली होती. रामराव साहेबांनी ती अडचण तिथल्या तिथे सोडवली. आधीची चाचणी सकाळी, नंतरची दुपारी.

शिवाय तुलनेसाठी काही स्वदेशी विद्यार्थी हवे होते. गावात एकही उरला नव्हता. साहेब परीक्षक होते, तेव्हा अखेर कक्षातला उरलेला एकमेव स्वदेशी म्हणून मला मुलांच्या शेवटच्या ओळीत बसवले. मला अडतीस गुण पडले. नदीचे प्रश्न मी फार विचार केल्याने चुकलो.

मुलांचे गुण सकाळी सरासरी शेहेचाळीस आले. दुपारी सरासरी शेहेचाळीस.

रामराव साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. तीन वर्षे, त्रेसष्ट रेनकोट, दोन पाट्यांचा कक्ष, आणि उपयोग शून्य. उपयोग शून्य निघाला तर कक्ष बंद होणार होता, हे ते बोलले नाहीत.

"गुरुजी," साहेब अखेर म्हणाले, "यांना सकाळी सगळं येत होतं. हे बरोबर नाही. कार्यक्रमाच्या आधी यांना काही येताच कामा नये."

"पण साहेब, येतंय."

"येतंय म्हणूनच म्हणतो. उद्या सकाळची चाचणी पुन्हा घेऊ. मुलांना समजावून ठेवा."

"काय समजावू?"

"गप्प बसायचं. प्रश्न विचारला की गप्प. जणू ऐकलंच नाही. दुपारी हवं तेवढं बोला."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मुलांना सांगितले, की सकाळी जो गप्प बसेल त्याला सुकडीचा दुप्पट वाटा. बासष्ट मुले अशी गप्प बसली, की साहेबांना मध्येच उठून ती श्वास घेतात की नाही ते पाहावे लागले. एकट्या बेबीनंदाने पन्नासच्या पन्नास उत्तरे सांगितली.

बेबीनंदा आसोलीच्या कडूबाची मुलगी. तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत. कडूबा पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला जाई. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेला, पण वर्तमानपत्राचा कागद रस्त्यात दिसला तरी तो उचलून मुलीला देई आणि म्हणे, वाच. तिला कोणताही प्रश्न अनुत्तरित ठेवता येत नसे. गुरुजींनी तिला बाहेर नेऊन विचारले.

"बेबे, गप बसायचं ठरलं होतं ना?"

"पण गुरुजी, सांगायचंच न्हाई तर इचारता कशाला?"

गुरुजींनी हा प्रश्न तसाच साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, हा प्रश्न पन्नासात नाही.

तर बासष्ट मुलांची वाढ सरासरी शेहेचाळीस गुणांची आली. जगात कोणत्याही स्थलांतरित विद्यार्थ्यांची अशी वाढ यापूर्वी झाली नसेल. एक नाव तेवढे खाली लाल शाईत राहिले. बेबीनंदा कडूबा, सकाळी पन्नास, दुपारी पन्नास, वाढ शून्य.

मे महिन्यात सातवीचा निकाल लागला. बेबीनंदा केंद्रात पहिली आली. जूनमध्ये कडूबा तिला घेऊन शाळेत दाखला मागायला गेला. आठवीला जाफराबादच्या हायस्कुलात नाव घालायचे होते आणि प्रवेशाची शेवटची तारीख तीस जून होती. गुरुजी दाखला लिहायला बसले आणि त्यांना कार्यक्रमाचा नियम सात आठवला. ज्या विद्यार्थ्याच्या गुणांत किमान तीसची वाढ दिसत नाही, त्यास कार्यक्रमाचा लाभ पोहोचलेला नाही असे समजून, लाभ पोहोचेपर्यंत त्यास कार्यक्रमात ठेवावे. म्हणजे दाखला देता येत नव्हता. गुरुजींनी दोघांना पाणी दिले आणि जालन्याला जायला सांगितले.

कडूबा पहिल्या एसटीने आला. धुतलेला सदरा, हातात मुलीची गुणपत्रिका. मी त्याला खुर्ची दिली तर तो तिच्या कडेला टेकला, जणू ती कोणी मागून नेईल.

"जय भीम, सायब. माझी पोरगी केंद्रात पयली आली."

"अभिनंदन," रामराव साहेब म्हणाले. "पण तिची प्रगती शून्य आहे."

"पन्नासात पन्नास पडले म्हन्ते."

"तीच तर अडचण आहे. तिला आधीपासून येत होतं. आता वाढायला जागा कुठे राहिली? नियमाप्रमाणे तीस गुण वाढायला हवेत. म्हणजे पन्नास अधिक तीस."

कडूबाने मनाशी बेरीज केली. "पन्नासपैकी ऐंशी?"

"हो."

"ते कसं करून पडतील, सायब?"

"आम्ही वर लिहिलं आहे. चाचणी पन्नासाऐवजी ऐंशीची करावी, अशी विनंती केली आहे. पुढच्या वर्षी विचार होईल."

"पुढल्या वर्षी? प्रवेश तर तीस तारखेला बंद होऊन राह्यला." कडूबाने गुणपत्रिका घडी केली, परत उघडली. "सायब, जी पोरं नापास झाली त्याह्यला दाखले भेटले. केशरबाईच्या थोरल्याला वजाबाकी येत न्हाई, त्यो गेला बी हायस्कुलात. माझीच काऊन अडवली?"

"त्याची वाढ चव्वेचाळीस आहे."

"त्याला येतंच काय?"

"सकाळी काही येत नव्हतं, दुपारी येत होतं. ही मोठी गोष्ट आहे."

कडूबाने गुणपत्रिका खिशात घातली. मग त्याला एक वाट सुचली. "असं करा, आमाला इथलंच लिहा. परदेशी नका लिहू. मंग तुमचा नियमच लागायचा न्हाई."

"नागरिकत्व हा आमच्या कक्षाचा विषय नाही."

"पण म्या तर हितलाच हाये. मार्चात मत टाकून आल्तो."

रामराव साहेब एकदम खुर्चीत ताठ बसले. त्यांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे बघा कडूबा, परदेशी माणसाने मतदान करणं फार गंभीर आहे. तुम्ही हे बोललात ते मी ऐकलेलं नाही. हे सहायकही ऐकत नाहीत."

मी खाली पाहिले. मी ऐकले होते, पण मला ऐकण्याचे अधिकार नव्हते.

कडूबा उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. "सायब, म्या दगड फोडतो. माझी माय चांगुणाबाई, ती बी दगड फोडून मेली. या पोरीनं फोडू नये, येवढंच हाये. तुमी सांगाल ते करतो. पन्नासचे ऐंशी कसे करायचे ते तेवढं सांगा."

हे ऐकून साहेबांनाही वाईट वाटले, असे मला वाटते. ते बराच वेळ नियमांचे पुस्तक चाळत राहिले. अखेर त्यांचा चेहरा उजळला.

"वर वाढायला जागा नसेल," ते म्हणाले, "तर खालून सुरुवात करावी लागेल. पोरीला आधी विसरावं लागेल."

अशा रीतीने विस्मरण वर्ग सुरू झाला. सतरा जूनपासून दहा दिवस, रोज एक तास, शिक्षक बद्रीनाथ गुरुजी, विद्यार्थिनी एक. विषय, आजपर्यंत शिकलेले सर्व. गुरुजींनी सदतीस वर्षे शिकवले होते, विसरवले कधी नव्हते, आणि त्याचे प्रशिक्षणही कुठे मिळत नव्हते. पण ते कामाला लागले. रोजचा अहवाल ते पोस्टकार्डावर पाठवत. ती पोस्टकार्डे मी क्रमाने लावून ठेवली होती.

'दिवस पहिला. सहाचा पाढा उलटा म्हणवून घेतला. विसरली नाही. आता उलटाही येतो.'

'दिवस तिसरा. गाय विसरण्याचा प्रयत्न केला. विसरत आली होती, तेवढ्यात गाय वर्गात शिरली.'

'दिवस सहावा. अक्षरओळख पुसण्यासाठी पुस्तक तीन दिवस काढून घेतले. विद्यार्थिनी रेनकोटावरचा छाप वाचताना आढळली. रेनकोट काढून घेतला आहे.'

'दिवस नववा. विद्यार्थिनीत फरक नाही. मी मात्र सकाळी तेवीस सातेला अडलो.'

दहाव्या दिवशी काही न लिहिता कोरे कार्ड आले. साहेबांना वाटले, वर्गाचा परिणाम दिसू लागला.

एकोणतीस तारखेला आम्ही दोघे जीपने गव्हाणवाडीला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रवेश बंद होणार होता. शाळेच्या ओट्यावर कडूबा आणि बेबीनंदा आधीच बसलेले. तिने दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या होत्या. मी शेजारून गेलो तेव्हा कडूबा तिला हळू सांगत होता.

"बेबे, आत गेली की त्वांड उघडायचं न्हाई. तुला येत न्हाई असं न्हाई. पर आज सकाळपुरतं येत न्हाई."

"बा, आन त्यांनी चुकीचं सांगितलं तर?"

"तरी न्हाई. तुझ्या आजीची आन."

ती समोर बसली. पलीकडे रामराव साहेब, बाजूला गुण मांडायला मी, दाराशी गुरुजी. खिडकीत कडूबाचे डोके. नियमाप्रमाणे, विद्यार्थ्याला उत्तर न आल्यास परीक्षकाने योग्य उत्तर सांगून पुढे जायचे होते.

साहेबांनी पहिले चित्र दाखवले. "हे काय आहे?"

ती गप्प.

"गाय. पुढचं. हे काय आहे?"

ती गप्प.

"छत्री."

असे चालले. आठव्या चित्राला साहेबांनी मेंढी दाखवली आणि "शेळी" असे सांगून पुढचे पान काढले. बेबीनंदाने वेणीची रिबीन तोंडात धरली. अठराव्या प्रश्नाला साहेबांनी विचारले, पाच आठे किती. ती गप्प. "पंचेचाळीस," साहेब म्हणाले. तिने रिबिनीला दातांनी गाठ मारली. खिडकीतून कडूबा मान हलवत होता, नको, नको.

"चाळीस, साहेब," दाराशी गुरुजींच्या तोंडून निघून गेले.

साहेबांनी वर पाहिले. "गुरुजी, परीक्षार्थी कोण आहे?"

"चूक झाली साहेब."

"तुम्हाला आधीपासून येत होतं असं मला नोंदवावं लागेल." त्यांनी ते नोंदवले. त्या वर्षीच्या अहवालात बद्रीनाथ गुरुजींची प्रगतीही शून्य दाखवली आहे.

एकतिसाव्या प्रश्नाला सूर्य उत्तरेला मावळतो असे साहेबांनी सांगितले. चाळिसाव्यापर्यंत अर्धी रिबीन तिच्या तोंडात गेली होती. मी गुणांच्या कागदावर एकाखाली एक शून्ये मांडत होतो. मला मेंढी ओळखता येते. पाच आठेही येतात. मी मांडत राहिलो.

मग पन्नासावा प्रश्न आला. तो सोपा म्हणून शेवटी ठेवलेला असतो.

"तुझं नाव काय?"

ती बराच वेळ साहेबांकडे पाहत राहिली. मग खिडकीकडे पाहिले. कडूबा मान हलवायचा थांबला होता. तो खाली कुठेतरी बघत होता. ती काही बोलली नाही.

"स्वतःचे नाव सांगता येत नाही," साहेबांनी समाधानाने लिहिले. "पन्नासपैकी शून्य. शाब्बास."

दुपारी जेवणानंतर दुसरी चाचणी झाली. बेबीनंदाने रिबीन तोंडातून काढली आणि पन्नास उत्तरे सात मिनिटांत दिली. साहेबांना प्रश्न पुरे वाचायलाही मिळाले नाहीत. पन्नासावे झाल्यावरही ती थांबली नाही. ती मेंढी होती, शेळी नव्हती, पाच आठे चाळीस, आणि सूर्य पश्चिमेला मावळतो, हेही तिने एका दमात सांगून टाकले. साहेबांनी मला विचारले, जादा तीन उत्तरांचे काय करायचे. नियमात काही नव्हते. आम्ही ती मिळवली. पन्नासपैकी त्रेपन्न. वाढ त्रेपन्न.

एका दिवसाच्या सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये इतकी वाढ झाल्याचे पाहून जागतिक संस्थेने कार्यक्रम आणखी पाच वर्षे चालू ठेवावा असे पुढे कळवले, आणि बावन्न नव्या गावांच्या नदीकाठांची यादी मागवली. ते असो. त्या दिवशी महत्त्वाचा होता तो दाखला.

गुरुजींचा तेवीस सातेपासून स्वतःवरचा भरवसा उडाला होता, म्हणून दाखला माझ्याकडून लिहवून घेतला. सही त्यांची, शिक्का कक्षाचा. मी नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, इयत्ता, शाळा सोडण्याचे कारण. 'वर्तणूक' या रकान्यापाशी थांबलो.

"साहेब, वर्तणूक काय लिहू?"

साहेबांनी विचार केला. "सकाळी फार चांगली होती. दुपारी मात्र उद्धट वाटली. मला तीन वेळा दुरुस्त केलं."

"रकाना एकच आहे साहेब."

"मग सकाळची लिहा."

मी लिहिले, 'चांगली'. शिक्का उमटवला. कडूबाने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि मुलीपुढे धरला. तिने तो सगळा मोठ्याने वाचून दाखवला, कारण आता वाचायला परवानगी होती. 'चांगली' या शब्दापाशी ती अडली.

"बा, हे कशाबद्दल दिलं?"

"गप बसल्याबद्दल, बेबे," कडूबा म्हणाला. "घडी कर. चल, लई उशीर होऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी जाफराबादला तिचे नाव लागले. मी संध्याकाळी घरी आलो आणि ट्रंकेतून माझा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहिला. त्यावरही तोच शेरा होता, तशाच अक्षरात. तुमच्याही दाखल्यावर तो असणारच. सापडला तर एकदा काढून बघा, आणि तो तुम्हाला नेमका कोणत्या सकाळबद्दल मिळाला होता, ते आठवते का, तेही बघा.